कासारवडवली ते महापे, रोजचे ४५ किमी: स्ट्राँग हायब्रिड घ्यावी का? आणि बाबांच्या हाताला ती बसेल का?

कासारवडवलीकर

मंडळी, गाडी बदलायची आहे. बजेट ऑन-रोड १९-२० लाख. रोजचा रस्ता घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. जाऊन-येऊन ४५ किमी, महिन्याला साधारण हजार. महिन्यातून एकदा पुणे किंवा नाशिक. सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवायचं) आहे आणि चार्जिंग पॉइंट मिळणार नाही असं कमिटीने लेखी कळवलंय, त्यामुळे ईव्ही बाद. म्हणून पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि होंडा सिटी हायब्रिड या तिघींवर नजर आहे.

प्रश्न असे:
१) जास्तीचे पैसे वसूल होतात का?
२) बाबा ६८ वर्षांचे. आयुष्यभर क्लच-गिअरची गाडी चालवली, प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करायची सवय. त्यांना काय नव्याने शिकावं लागेल?
३) पावसात पाणी साचतं तिथे ही बॅटरी-मोटर कितपत टिकते?

हिशेबनीस

आधी बिल्ला नीट वाचा. 'स्मार्ट हायब्रिड', 'माइल्ड हायब्रिड' असं लिहिलेली गाडी नुसत्या मोटरवर चालत नाही. तिच्यात अल्टरनेटरच्या (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) जागी थोडी ताकदवान स्टार्टर-जनरेटर असते आणि ती इंजिनाला हातभार लावते, एवढंच. तुम्हाला हवी ती 'स्ट्राँग हायब्रिड', जी थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालते. ग्रँड विटारा दोन्ही प्रकारांत येते आणि शोरूममध्ये दोन्हींना 'हायब्रिड'च म्हणतात, म्हणून कोटेशनवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या. ओळखायची खूण सोपी आहे: डॅशबोर्डवर 'रेडी'चा दिवा आणि ईव्ही मोडचं बटण.

आता पैसे. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घाला. त्याच गाडीचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांत एक्स-शोरूम फरक दीड लाख धरू. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे त्या दीड लाखावर आणखी १८,००० रुपये. एकूण जादा खर्च १,६८,०००.

घोडबंदरच्या गर्दीत साधं ऑटोमॅटिक लिटरला १२ किमी देईल, हायब्रिड २० देईल. हजार किमीला ८३ लिटर विरुद्ध ५० लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला साधारण ३,४५० रुपये वाचतात आणि चार वर्षांत फरक भरून निघतो. हीच गाडी फक्त हायवेला चालवली तर १७ विरुद्ध २१ असा मामला होतो, महिन्याची बचत बाराशेच्या आत येते आणि वसुलीला बारा वर्षं लागतात. म्हणजे हायब्रिडचे पैसे तुम्हाला ट्रॅफिक जाम परत देतो, हायवे नाही. तुमचा रस्ता पाहता घ्यायला हरकत नाही.

विटारा-हायरायडरच्या मायलेजचा कंपनीचा २७.९७ चा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेला असतो. घरचं बजेट करताना २० धरा.

करात सवलत मिळेल या भ्रमात राहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४० टक्के जीएसटी आहे, ईव्हीला ५. हायब्रिडला हिरवी नंबरप्लेट मिळत नाही, आणि अटल सेतूवर ईव्हीला जी टोलमाफी आहे तीही नाही. रोड टॅक्सच्या लेखी ही पेट्रोलची गाडी.

स्टॅक पार्किंगचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण बुकिंगच्या घाईत हे कुणी बघत नाही. हायरायडर आणि ग्रँड विटाराची उंची १६४५ मिमी आहे. तुमचा पॅलेट (गाडी ठेवायचा लोखंडी पाट) सेडानसाठीचा असेल तर गाडी आत जाणारच नाही. हायब्रिडचं वजनही त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतं. पॅलेटवर वजन आणि उंचीची पाटी असते, तिचा फोटो काढूनच शोरूममध्ये जा.

नेरूळचा पाना

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बाबांना नवीन शिकायला फारसं काही नाही, जुनं विसरायला मात्र बरंच आहे.

क्लचचं पेडल नाही, पट्ट्याचा सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. टोयोटाच्या पद्धतीत (ग्रँड विटारातही तीच आहे) इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरने जोडलेले असतात. एक मोटर इंजिन चालू करते आणि वीज बनवते, दुसरी चाकं फिरवते. सिटीत वेगळी रचना आहे: गावात इंजिन बहुतेक वेळ नुसता जनरेटर फिरवतं आणि मोटर गाडी ओढते, ठराविक वेगाला हायवेवर क्लच बसून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चालवणाऱ्याला दोन्हीकडे पेडल दोनच.

चालू करण्याची पद्धत बाबांकडून दहा वेळा करून घ्या. ब्रेक दाबून पॉवर बटण, 'रेडी'चा दिवा लागला का पाहायचं, मग डी (ड्राइव्ह). इंजिनाचा आवाज येणार नाही, म्हणून पुन्हा बटण दाबू नये. दाबलं तर गाडी बंद होते. उतरताना उलट क्रम: पी (पार्क), हँडब्रेक, पॉवर बटण, आणि डॅशबोर्ड काळा झाला की मगच दार. आवाज नाही म्हणजे गाडी बंद असं समजून माणसं 'रेडी'तच सोडून उतरतात. मग बॅटरी कमी झाली की वीस मिनिटांनी बेसमेंटमध्ये इंजिन आपोआप सुरू होतं. बंद जागेत धूर साठणं धोक्याचं आहे, म्हणून पार्किंगमध्ये एसी लावून 'रेडी'त झोपणंही नको.

आता न्यूट्रल. सिग्नलला एन (न्यूट्रल) केलं की इंजिन चालू असलं तरी हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, तो त्याच बॅटरीतून खातो. गायमुखच्या घाटात अर्धा तास अडकून, एसी लावून, एन मध्ये बसलात तर बॅटरी खाली जात राहते आणि शेवटी गाडी इशारा देते. गर्दीत डी आणि पायाखाली ब्रेक, ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) असेल तर तो. बराच वेळ थांबायचं असेल तर पी. त्यात गाडी लागेल तसं इंजिन चालू-बंद करून चार्ज सांभाळते.

बॅटरीचे दांडके बघत बसायची सवय लागू देऊ नका. हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटाची, ०.७६ किलोवॅट-अवर. त्यातली मधलीच पट्टी वापरली जाते, पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं होणं गाडी मुद्दाम टाळते. तेवढ्यात सपाट रस्त्यावर सावकाश दोन-अडीच किमी निघतात. ईव्ही मोडचं बटण दाबून मायलेज वाढत नाही, पुढे इंजिनाला तेवढंच परत भरावं लागतं. ते बटण पहाटे सोसायटीत आवाज न करता गाडी हलवायला ठीक.

मायलेज खरं वाढतं ते ब्रेकमुळे. लांबून, हलक्या पायाने ब्रेक दाबला तर मोटर जनरेटर होऊन वीज परत घेते. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर डिस्क-पॅड काम करतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. माजिवड्याच्या उतारावर पुढचे लाल दिवे दिसले की तिथूनच ॲक्सिलरेटर सोडायचा.

एक सावधगिरी: टोयोटाच्या पद्धतीच्या (पॉवर-स्प्लिट) हायब्रिडला रिव्हर्स गिअर नसतो, मागे जाताना फक्त मोटर ओढते. बॅटरी खाली असताना, गाडी भरलेली असताना, पोडियमच्या खड्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवू नका. दम लागतो. रॅम्प सरळ चढा आणि वर जाऊन वळवा.

टाकीफुल

एवढा खटाटोप कशाला? सीएनजी घ्या, विषय संपला. दीड लाखात किती किलो गॅस येतो ते मोजा.

हिशेबनीस

किलोमीटरचा खर्च पाहिला तर तुमचं बरोबर, सीएनजी स्वस्त पडते. पण डिकी टाकीत जाते, रांग घोडबंदरवरच लावावी लागते, आणि यांना ऑटोमॅटिक हवं असेल तर पर्याय मोजके उरतात. क्लच दाबणाऱ्या पायाला ४५ किमीचा जाम रोज झेपत असेल तर जरूर घ्या. हायब्रिड घेऊन तिला बाहेरून सीएनजी किट मात्र कुणीही बसवू नये. इंजिन-मोटरचा ताळमेळ बिघडतो आणि वॉरंटी जाते.

डिकीवरून आठवलं, सिटी हायब्रिडची डिकी ३०६ लिटर आहे, साध्या सिटीची ५०६. बॅटरी मागे बसते ना. विटारा-हायरायडरच्या हायब्रिडमध्येही साध्या पेट्रोलपेक्षा जागा कमीच. घरची मोठी बॅग घेऊन जा आणि शोरूममध्ये ठेवून बघा. सेल्समनला काय वाटेल याची काळजी नको.

तुर्भे वायरमन

हायब्रिड बॅटरीची सगळ्यांना भीती. ती ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटीत असते, या तिन्ही गाड्यांना. रस्त्यात अडवते ती साधी १२ व्होल्टची.

ती इंजिन फिरवत नाही. तिचं काम फक्त कंप्युटर आणि रिले जागे करण्याचं. म्हणून ती आकाराने लहान असते, आणि मरायला आली तरी सेल्फ ओढत नाहीये असा आधी इशारा मिळत नाही. एका सकाळी 'रेडी' येत नाही, एवढंच. कारणं नेहमीची: गाडी दोन-तीन आठवडे उभी, पार्किंग मोडवर सतत चालू ठेवलेला डॅशकॅम, किंवा 'रेडी' न करता नुसती गाणी ऐकत बसणं. ही बॅटरी 'रेडी'तच चार्ज होते, मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्गे. नुसती ॲक्सेसरी चालू असेल तर ती फक्त रिकामी होत जाते. गाडी वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या हवेत 'रेडी'त ठेवा, किंवा सरळ एक फेरी मारा.

बसली तर जंप द्या. लाल केबल लालला, काळी आधी दुसऱ्या गाडीच्या ऋण टोकाला, तिचं दुसरं टोक तुमच्या गाडीच्या उघड्या धातूला. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग ब्रेक दाबून पॉवर. 'रेडी' आलं की उलट क्रमाने केबल काढा आणि तासभर गाडी चालवा. काही मॉडेलमध्ये ही बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी गेल्यावर बॅटरीपर्यंतच पोचता येत नाही. त्यासाठी बॉनेटखाली वेगळं टर्मिनल दिलेलं असतं. ते कुठे आहे हे डिलिव्हरीच्या दिवशीच बघून घ्या. किल्लीच्या पोटात धातूची चावी असते, तीही काढून दाखवायला सांगा. दुसऱ्याच्या बंद गाडीला मात्र हायब्रिडवरून जंप देऊ नका. त्या गाडीचा स्टार्टर जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला हा कन्व्हर्टर बनलेला नाही.

पाणी. बॅटरी आणि केशरी केबल सीलबंद असतात, गाडीच्या पत्र्यापासून विजेने अलग असतात आणि गळती दिसली की सिस्टिम इशारा देते. पाण्यातून गाडी नेली म्हणून शॉक बसेल ही भीती सोडा. नुकसान वेगळ्याच वाटेने होतं: तुम्ही साचलेल्या पाण्यात मोटरवर शांतपणे जात असता, बॅटरी उतरते, आणि इंजिन त्याच वेळी आपोआप सुरू होऊन एअर इनटेकमधून पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा वंदना टॉकीजपाशी पाणी अर्ध्या चाकाला लागत असेल तर थांबा, गाडी मोटरवर आहे म्हणून धीट होऊ नका. अडकलातच तर पॉवर बंद, बाहेर पडा, आणि 'बघू चालू होते का' म्हणून बटण पुन्हा दाबू नका. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्याच, आणि त्यात हायब्रिड बॅटरी, मोटर व इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) येतात का हे पॉलिसीच्या मजकुरात वाचा. एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

टोइंग म्हणजे फ्लॅटबेड, अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर चाकांबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि भाग जळू शकतात. ओढून न्यायला आलेल्या गाडीवाल्याला हे तुम्हीच सांगायचं.

पेट्रोल संपवू नका. 'बॅटरीवर जाईल की पंपापर्यंत' हा हिशेब महागात पडतो. मोठी बॅटरीही तळाला गेली तर ती इंजिनच चालू करू शकत नाही, मग पेट्रोल आणून ओतलं तरी गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते.

पारसिक हिल

वरच्या सगळ्याला +१. एक भर: उतारावर कायम 'बी' मध्ये (गाडी धरून ठेवणाऱ्या गिअरमध्ये) चालवलं की जास्त चार्ज होतं, असं बाबांना सांगून ठेवा.

नेरूळचा पाना

असं सांगू नका, रोजच्या रस्त्याला डी च बरा. ब्रेक पेडल दाबलं तरी मोटर चार्ज करतेच. बी मध्ये भर असते ती इंजिनाच्या अडथळ्याची, आणि त्यात थोडी ऊर्जा वाया जाते.

बी ची जागा म्हणजे कसारा आणि बोरघाट. लांब उतारावर काही किलोमीटरमध्ये बॅटरी तिच्या वरच्या मर्यादेला पोचते, मग चार्जिंग थांबतं आणि सगळा भार डिस्कवर येतो. तेव्हा बी टाकला की पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवलं जातं आणि गाडी धरली जाते. इंजिन एकदम ओरडायला लागतं. तो बिघाड नाही, पण पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. घाट चढताना, ओव्हरटेकला पूर्ण दाबल्यावरही तसंच: वेग हळू वाढतो, आवाज आधी वाढतो. विटारा-हायरायडरचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, त्यामुळे तो आवाज गोड नाही. टेस्ट ड्राइव्ह घोडबंदरच्या फ्लायओव्हरवर चौघांना बसवून घ्या, शोरूमच्या मागच्या गल्लीत नको.

कासारवडवलीकर

धन्यवाद सर्वांना. सेडान पॅलेटचा मुद्दा निर्णायक ठरला. आमचा पॅलेट १५५० मिमीचाच निघाला, म्हणजे एकतर सिटी किंवा खालचा पॅलेट कुणाशी तरी बदलून घेणं. अजून दोन गोष्टी: सर्व्हिसिंगला वेगळं काय असतं? आणि बाबा जवळच्या मंडईत जायला गाडी वापरतील, दोन-तीन किमी. ते चालेल का?

तुर्भे वायरमन

मंडईच्या फेरीला मायलेज वाईटच येणार, आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापवायला पहिल्या काही मिनिटांत इंजिन चालवावंच लागतं, बॅटरी भरलेली असली तरी. दोन किमीत ते तापतं तोवर मंडई येते. बिघाड समजून तक्रार करू नका. दोन कामं एकाच फेरीत उरका.

सर्व्हिसिंगमध्ये ऑइल फिल्टर, एअर फिल्टर नेहमीचंच. वेगळं असतं ते असं. ऑइल पातळ लागतं, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच. बाहेरचा मेकॅनिक 'जाड टाका, इंजिन टिकतं' म्हणेल, ऐकू नका. कूलंटच्या टाक्या दोन असू शकतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची, दोन्हींची पातळी बघायची. ब्रेक पॅड खूप टिकतात, पण वापर कमी म्हणून पावसाळ्यात डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा चाकं काढून पिना साफ करून घ्या, ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी.

बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी सगळ्यात दुर्लक्षित. मॉडेलप्रमाणे ती मागच्या सीटखाली किंवा बाजूला असते. मेट्रोच्या कामाची धूळ आणि सीटकव्हरचे धागे तिथे साचतात, पंखा जोरात वाजायला लागतो, बॅटरी तापते आणि गाडी मोटरचा वापर कमी करते. लोकांना वाटतं बॅटरी संपली. सहा महिन्यांनी जाळी साफ, तिच्यासमोर पिशव्या नाहीत, आणि जाळी झाकणारं सीटकव्हर नाही.

उंदीर: केशरी केबल कुरतडली तर बिल साध्या वायरिंगसारखं येत नाही. स्टॅकच्या खालच्या खड्ड्यात गाडी ठेवणार असाल तर बॉनेट आठवड्याला उघडून बघा.

पीयूसीवाल्याकडे गोंधळ होतो, कारण नळी लावली की इंजिन बंद होतं. पी मध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरला की बहुतेक गाड्यांत इंजिन चालू राहतं. इंजिन आधी तापलेलं असू द्या, थंडपणी रीडिंग वर जातं. पंक्चर किंवा धुलाईच्या वेळी उलट: पॉवर पूर्ण बंद आणि किल्ली तुमच्या खिशात. 'रेडी'त असलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये कुणी हात घातला आणि इंजिन आपोआप सुरू झालं तर बोटं जातात.

नेरूळचा पाना

डिलिव्हरी घेताना १२ व्होल्टच्या बॅटरीवरची तारीख बघा. गाडी यार्डात महिनोन् महिने उभी असेल तर ती अर्धमेली असते, तिथेच बदलून मागा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी वेगळ्या पानावर असते, तिच्यावर चेसिस नंबर लिहिलेला आहे का पाहा. डॅशकॅम, हॉर्न, लाइट बाहेरून लावणार असाल तर वायर कापू देऊ नका, कपलर (प्लगसारखं जोडण) असलेलीच ॲक्सेसरी घ्या. आणि बाबांना सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना काच थोडी खाली ठेवायला सांगा. हळू वेगात ही गाडी एक बारीक गुणगुण करते, पण मोबाइलवर बोलत चालणाऱ्याला ती ऐकू येत नाही. हॉर्नचा एक हलका टोला द्यावाच लागतो.